खारराणीला दिलेलं आवतण

आमच्या नात्यात कुणी विचारलं, मालन, तुझा भाऊ काय करतो गं, की मी पटकन सांगते, बाळकुमला कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान आहे. खोटं नाही ते. पण तो पुस्तकं लिहितो हे मी गिळून टाकते. आधी गिळायचे कारण लोक हसायचे. आता कुणी हसत नाही, नुसते माझ्या तोंडाकडे बघतात, आणि ते हसण्यापेक्षा वाईट.

कमलेश माझ्यापेक्षा धाकटा. आमचे आजोबा मिठागरात राबले, बापाने भात लावला, आणि आमच्या वाट्याला आले त्याच शेतावर उभे राहिलेल्या टॉवरमधले फ्लॅट. मी लग्न होऊन मोहन्याला आले, घरी ब्लाउज शिवते. कमलेशचं लग्न जमता जमता राहिलं. तो आणि आमची ठमाआत्या, दोघंच राहतात त्या टॉवरच्या वरच्या मजल्यावर. आत्या बापाची मोठी बहीण. लवकर विधवा झाली, माहेरी आली आणि आम्हा दोघांना तिनेच वाढवलं.

आत्या धवलारीण आहे. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, डीजे येतो, हल्ली ड्रोनवाला पण येतो. पण हळदीला धवलारीण बसल्याशिवाय म्हाताऱ्या बायका जागच्या हलत नाहीत. ती धवले गाते. सगळ्यात आधी आवतण देते. गावदेवी, खाडीवरचा देव, घरातले गेलेले वाडवडील, सगळ्यांना नाव घेऊन, ठरलेल्या क्रमाने मांडवात बोलावते. एखादं नाव राहिलं तर तो रुसतो. भलतंच नाव घेतलं तर भलतंच कुणीतरी येतं. तुम्ही माना, नका मानू. आत्या मानते, आणि सबंध बाळकुमात तिच्या तोंडून कधी एक नाव इकडचं तिकडे झालं नव्हतं.

लहानपणी बाकीची पोरं मांडवाबाहेर नाचायची आणि कमलेश आत्याच्या गुडघ्याला टेकून बसायचा. मला वाटायचं, ह्याला झोप येतेय. मेला, सगळं ऐकत होता. त्यातूनच त्याची 'खारराणी' निघाली. खाडीच्या तळाशी मिठाचं शहर, त्याची ही राणी. तिला जमिनीवर पाय ठेवता येत नाही, कारण तिला कुणी बोलावत नाही. मग एका लग्नात एक फितूर गाणारीण देवांच्या नावात हिचंही नाव घुसवते, राणी मांडवात येते आणि नवरीला घेऊन जाते. पुढे चारशे पानं युद्ध आहे. ते मला झेपलं नाही, पण पहिलं लग्न वाचताना माझ्या अंगावर काटा आलेला, हे मी त्याला सांगितलंय.

प्रकाशकांनी त्याला वाटेला लावलं. ठाण्यातल्या एकाने तोंडावर सांगितलं की भुताखेतांच्या गोष्टी मराठीत पोरं पण वाचत नाहीत आता. मग ह्याने स्वतःच छापलं. खोके आत्याच्या पलंगाखाली, थोडे माझ्या मशीनच्या मागे. डोंबिवलीला पुस्तकांचं प्रदर्शन होतं, तिथे स्टॉल घेतला आणि सोबतीला मला बसवलं. लोक यायचे आणि आम्हाला विचारायचे, रेसिपीची पुस्तकं कुठे आहेत. एका काकांनी मागचा मजकूर अगदी मन लावून वाचला, माझा जीव टांगणीला, आणि मग पुस्तक होतं तसं सरळ ठेवून म्हणाले, छान कागद वापरलाय. कमलेश हसून थँक्यू बोलला.

त्यानंतर तो त्या एआयच्या नादी लागला. मी नावं ठेवत नाही हां, माझा मुलगा पण त्याच्याकडून अर्ज लिहून घेतो. कमलेश पण एकटा माणूस, चित्रकार परवडत नाही, जाहिरात कोण करणार? आधी त्याने कव्हर करून घेतलं. खारराणी एकदम हिरॉइन दिसत होती, फक्त हाताला बोटं जास्त, आणि मागे आपल्या खाडीपलीकडे बर्फाचे डोंगर. बाळकुमला बर्फ! मला ते आवडलं होतं तरी. पण डोंबिवलीचा तो सलिल, अद्भुत गोष्टी वाचणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो, त्याने ग्रुपवर बोटं मोजून दाखवली आणि लिहिलं, ज्या लेखकाचं कव्हर खोटं त्याचं आतलं तरी खरं कशावरून? शेदोनशे माणसांसमोर काढली त्याची. कमलेशने माफी मागितली, कव्हर बदललं, साध्या निळ्या रंगाचं केलं. मागच्या पानावरचा मजकूर मशीनने लिहिलेला, तोही काढला. त्यात म्हणे प्रत्येक वाक्यात 'प्रवास' हा शब्द होता.

इथेच थांबला असता तर मी आज हे सांगत बसले नसते.

आमच्या चुलतभावाच्या मुलाची, ऋतुराजची हळद होती. आत्या गात होती आणि कमलेश फोनवर रेकॉर्ड करत होता. कुणीतरी हटकलं, तर आत्याच बोलली, करू दे त्याला, मी गेल्यावर ऐकाल. त्या बिचारीने आठवण म्हणून दिलेला आवाज तो. ह्याने त्यातला एक तुकडा कुठल्याशा ॲपला खायला घातला. ते ॲप आवाज शिकतं आणि मग आपण जे लिहू ते त्याच आवाजात गातं. आणि ह्याने काय लिहिलं? पुस्तकातलं ते फितुरीचं आवतण. नुसतं लिहिलं असतं तरी एक वेळ ठीक. पण ह्याला हौस, सगळं अस्सल पाहिजे. म्हणून आपल्याच गावदेवीचं नाव, खाडीवरच्या देवाचं नाव, क्रम आत्याचाच, आणि बरोबर मधोमध खारराणी. नवरी न्यायला ये गं, खारराणी. वर पाण्याचा व्हिडिओ, खाली पुस्तकाचं नाव, अशी रील करून टाकली.

ती रील चालली. चालली म्हणजे किती! माझ्या मोहन्याच्या शेजारणी मला ऐकवायला आल्या, की ही बघ तुमच्या बाळकुमची म्हातारी. मला वाटलं, आत्याने भाच्यासाठी गायलं असेल प्रेमाने. पुस्तकं खपायला लागली. पलंगाखालचे खोके गेले, माझ्या मशीनमागचे गेले. तो सलिल, तोच, त्याने ग्रुपवर लिहिलं की हा आवाज ऐकून कळतं ह्या लेखकाची मुळं खरी आहेत. कमलेशचे पाय जमिनीला लागेनात. आत्याला सांगितलं, तुझ्या पुण्याईने पुस्तक खपतंय. तिने देवापुढे साखर ठेवली. तिच्याकडे साधा बटणाचा फोन. तिला काय माहीत, रील म्हणजे काय आणि त्यात कोण गातंय.

पुढे कल्याणच्या एका डीजेने त्याचं रिमिक्स केलं आणि ते हळदीहळदीत वाजायला लागलं. म्हाताऱ्या बायकांनी ते तिथे ऐकलं. नाचणाऱ्या पोरांना शब्दांशी काही घेणं नव्हतं. म्हाताऱ्यांना होतं.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये काळुराम म्हात्रे राहतात. त्यांच्या कृतिकाचं लग्न ठरलं होतं. कृतिकाला जन्मल्यापासून आत्याने न्हाऊ घातलेलं. तिच्या आईच्या लग्नात आत्या गायलेली, आणि कृतिका शाळेत असल्यापासून आत्या म्हणायची, हिचं लग्न लावीन आणि मग गाणं बंद. तेवढीच एक इच्छा. नवीन लुगडं घडी करून कपाटात ठेवलेलं. कृतिकाचे ब्लाउज माझ्याकडे शिवायला होते. ते द्यायला म्हणून मी त्या दुपारी बाळकुमला आलेले, आणि मी चहा ठेवते तोवर काळुराम आले.

भला माणूस. आवाज चढवला नाही, उलट त्यांनाच बोलायचं जड जात होतं. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी फोन काढून ते गाणं लावलं आणि आत्याच्या समोर धरलं. बोलले, माझी आई ऐकत नाही, ठमाबाय. ती म्हणते जिने तोंडाने हडळीला आवतण दिलं ती माझ्या नातीच्या मांडवात नको. दिवा गावची धवलारीण सांगितली आहे. तुम्ही पाहुण्या म्हणून या.

आत्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. परत लावायला सांगितलं. परत ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरत गेला ते मी बघत होते. ती चिडेल, हे मी कधी गायलं म्हणून भांडेल, असं मला वाटलं. तिने हात जोडले.

"आवाज माजाच हाय," ती बोलली. "कवा गायलो ते आठवत नाय. म्हातारी झालो, जीभ घसरली असल. माफ करा."

कमलेश तिथेच होता. सोफ्यावर, तिच्या हाताएवढ्या अंतरावर. त्याने खाली बघितलं. फरशीत काहीतरी सापडल्यासारखा बघत बसला. काळुराम गेले, तसा तो दुकानात जातो सांगून उठला. मला वाटलं, त्याला आत्यासाठी वाईट वाटतंय. मी येडी.

आत्या त्या दिवसापासून बदलली. बोटं मोजत देवांची नावं म्हणायची, मध्येच थांबायची, परत पहिल्यापासून. मी फोन केला की मला म्हणून दाखवायची आणि विचारायची, बरोबर हाय ना? मला कुठे येतात सगळी! गॅस बंद केला तरी परत जाऊन बघायची. मग एक दिवस मला हळूच बोलली, कमलेशला सांगू नको, त्याला टेन्शन येईल, पण मला डोक्याच्या डॉक्टरकडे ने. आपण काय गातो ते आपल्याला कळत नाही म्हणजे उद्या तुम्हाला पण ओळखणार नाही मी.

आत्याने सांगू नको म्हटलेलं, तरी मी सरळ दुकानात गेले. म्हटलं, भावाला सांगायला नको तर कुणाला? काउंटरवर उघडलेला लॅपटॉप, हातात स्क्रू ड्रायव्हर. मी सांगितलं, आत्याला कल्याणला डॉक्टरकडे नेतेय, ती स्वतःला वेडी समजायला लागलीय. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"ती नाही गायली," तो बोलला. "मशीन आहे ते, ताई."

आधी मला कळलंच नाही. त्याने समजावून सांगितलं आणि कळलं, तेव्हा मी त्याच्या थोबाडीत दिली नाही ते केवळ बाहेर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून. मी विचारलं, काळुराम समोर बसलेले तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालेलं? तर म्हणतो, कव्हरच्या वेळी सगळ्यांनी मला खोटा ठरवलं होतं. ह्या आवाजाला मात्र सगळे खरा म्हणाले. माझ्या अख्ख्या पुस्तकात लोकांना तेवढंच खरं वाटलं, आणि तेच माझं नाही, तिचंही नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. बोलता बोलता रडायला लागला. रड म्हटलं. तिकडे ती बाई गॅसची कळ तपासत फिरतेय.

मला राग तर आलेलाच, पण त्याहून जास्त लाज वाटली. तो परका असता तर नुसता राग आला असता. जिने ह्याला स्वतःच्या हाताने भरवलं, त्याच बाईला ह्याने तिच्या डोक्यावरचा विश्वास घालवायला लावला, आणि कशासाठी, तर डोंबिवलीच्या चार लोकांनी वा म्हणावं म्हणून.

मी शटर ओढायला लावलं आणि त्याला तसाच धरून काळुरामांकडे नेला. आत्याला पण बोलावून घेतलं. म्हटलं, एकदाच सांग, सगळ्यांसमोर. काळुरामांची आई, कृतिका, तिची आई, सगळे हॉलमध्ये. कमलेश उभा राहून बोलत होता, पण कुणाच्या काही पचनी पडेना. म्हाताऱ्या आजी एकच धरून बसल्या, आवाज ठमाचाच आहे, मला कान नाहीत का? मग त्याने फोन काढला, काहीतरी टाईप केलं आणि टेबलावर ठेवला. फोनमधून आत्या बोलली. तोच खर्ज, तोच ओढलेला शेवट. 'मी ठमा. मी कुणाला आवतण दिलं नाही. माझी काही चूक नाही.' आणि आत्या समोर तोंड मिटून बसलेली.

आजींनी पदर डोक्यावर ओढून घेतला. काळुराम एवढंच बोलले की कमलेश, तू आमच्या घरातला ना रे. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कमलेश मान वर करू शकला नाही.

आत्या मात्र सुटली. "म्हंजे माजा डोका शाबूत हाय," ती बोलली आणि हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. मग तिने कमलेशला विचारलं, मी न गायलेलं कायपण गातं का हे? तो हो म्हणाला. मी मेल्यावर पण? तो परत हो म्हणाला. तिने फोनकडे बघितलं, पण त्याला हात लावला नाही.

आमचा कमलेश त्यानंतर वागला तसा आधी वागला असता तर! रील काढली. ग्रुपवर स्वतः लिहिलं, काही न लपवता, आत्याचं नाव घेऊन. सलिलने त्याला ग्रुपमधून काढलं. काहींनी पुस्तकं परत पाठवली, ती परत पलंगाखाली गेली. डीजेला फोन केला तर तो बोलला, भाई, आता ते माझ्याकडे कुठे राहिलंय, सगळ्यांकडे आहे. परवाच टिटवाळ्याला एका हळदीत वाजलं. मी ताट तसंच टाकून उठले.

कृतिकाच्या हळदीला आत्या नवीन लुगडं नेसून आली. दिव्याची बाई आधीच येऊन बसलेली. ती चांगली निघाली. बोलली, आवतण तुम्ही द्या ठमाबाय, मी मागून म्हणते. आत्या पाटावर बसली, पण सुरू करेना. तिने एक वेताची पाटी मागवली आणि सांगितलं, सगळ्यांनी आपापले फोन हिच्यात टाका. पोरींनी तोंडं वाकडी केली, ड्रोनवाला कुरकुरला, पण काळुरामांनी स्वतःचा पहिला टाकला तसे सगळ्यांनी टाकले. पाटी भरली. शेवटी कमलेश आला, फोन ठेवला आणि नेहमीसारखा तिच्या गुडघ्याजवळ बसायला लागला.

"तू भायेर थांब," आत्या बोलली.

"आत्या, फोन ठेवला मी."

"फोनचा नाय सांगत."

मांडवात सगळ्यांनी ऐकलं. तो अर्धवट वाकलेला तसाच राहिला, मग सरळ झाला आणि बायकांच्या मधून वाट काढत बाहेर गेला. इतका मोठा बाप्या, कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून लहान पोरासारखा चवड्यांवर चालत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले नाही मात्र.

आत्या अगदी हळू गायली. मांडवातल्या मांडवात ऐकू येईल एवढंच. गावदेवी आली, खाडीवरचा देव आला, म्हात्र्यांचे वाडवडील एकेक करून आले, एक नाव हललं नाही. मला वाटलं, झालं. पण ती थांबली नाही. तिने नारळ आणि हिरवं लुगडं पुढ्यात घेतलं आणि गायला लागली की माझ्या पोराने तुला न विचारता बोलावली गं, खारराणी. आलीस तर उपाशी जाऊ नको, ही ओटी घे. तुला आजवर कुणी बोलावली नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. पण ही पोर आमची आहे, ती आम्ही देणार नाही. भरती सरायच्या आत आपल्या घरी जा, बाय. असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. ते कुठल्या धवल्यात नव्हतंच, तिने तिथे बसून केलं होतं. काळुरामांची म्हातारी आई ढसाढसा रडली. चारशे पानं युद्ध करून कमलेशने जिला हरवली होती, तिला आत्याने ओटी भरून परत पाठवली.

हळद लागल्यावर मी बाहेर आले. कमलेश पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरला टेकून उभा होता. आतला डीजे अजून सुरू झाला नव्हता. त्याने मला विचारलं, आत्या आज जास्त वेळ गायली ना? मला इथे खारराणीचं नाव ऐकू आल्यासारखं वाटलं. काय गायली गं ती?

त्याचा चेहरा बघून माझ्या अगदी ओठांवर आलेलं.

"नेहमीचंच," मी म्हटलं, आणि त्याला जेवायला घेऊन गेले.